पेशंटचं अंथरूण

कडकरावांना आई-वडिलांनी ठेवलेलं एक नाव होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. गल्लीत लहानथोर सगळे त्यांना कडकरावच म्हणत, आणि हे नाव त्यांना कुणी फुकट दिलेलं नव्हतं. त्यांच्या लाँड्रीत धुतलेला सदरा अंगात घातला की आधी सदरा ताठ व्हायचा आणि मग नाइलाजाने आतला माणूस. त्यांच्या चादरीवर कूस बदलली तर आवाजाने शेजारचा जागा होतो, असं त्यांची बायको म्हणायची. कडकराव ही तक्रार कौतुक म्हणून ऐकत.

पुढे दुकान, मागे राहायच्या तीन खोल्या आणि त्यामागे दोऱ्या बांधलेलं अंगण, एवढं त्यांचं जग. दुकानात कपडे धुण्याची दोन यंत्रं, एक थोरलं आणि एक धाकटं, इस्त्रीचं लांबलचक टेबल, आणि मागच्या फळीवर त्यांची खरी दौलत: खळीचे डबे, निळीच्या बाटल्या आणि कपडे मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचे कॅन. सदऱ्यांना आणि चादरींना खळ, टॉवेलांना आणि दुलयांना सॉफ्टनर, आणि सुगंध मात्र सगळ्यांना, असा त्यांचा कायदा होता. घरातली पायपुसणीसुद्धा अशी सुबक इस्त्री केलेली असत की पाहुणे त्यांच्यावर पाय न ठेवता ओलांडून जात. कुठे सुरकुती दिसली की कडकरावांना चारचौघांत अपमान झाल्यासारखं वाटायचं.

अशा या माणसाचा ताठा जगात एकाच व्यक्तीपुढे उतरायचा. ती म्हणजे त्यांची थोरली बहीण, अक्का. अक्का मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झाली होती. तिच्या वॉर्डात म्हणे पेशंट शिंकण्याआधी परवानगी मागत. आई सदा आजारी आणि वडील सदा कामावर, त्यामुळे कडकरावांना लहानाचं मोठं केलं ते अक्कानेच. त्यांच्या डोक्यावरचे केस गेले, उरलेले पांढरे झाले, तरी ती त्यांना भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, ‘धाकट्या’ अशी हाक मारायची आणि ते ‘ओ’ द्यायचे.

कडकरावांची एक गोष्ट फक्त अक्काला ठाऊक होती. लहानपणी, आणि लहानपण सरल्यावरही बराच काळ, ते झोपेत अंथरूण ओलं करत. अक्का घर उठायच्या आत ती चादर धुऊन वाळत घालायची, आणि शेजारणींनी विचारलंच तर म्हणायची, ‘माझ्याच हातून तांब्या कलंडला.’ रोज उठून तांब्या कलंडणारी ही मुलगी किती वेंधळी, असं सगळी आळी बोलायची. तिने ते बोलणं ऐकून घेतलं, पण खरं कधी कुणाला सांगितलं नाही. कडकरावांच्या बायकोलासुद्धा नाही. हा माणूस पुढे जन्मभर कोरड्या, स्वच्छ, ताठ चादरींच्या मागे का लागला, हे समजायला फार मोठा विद्वान लागत नाही.

तर ही अक्का घरात पाय घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. ती राहायची तिसऱ्या मजल्यावर, आणि डॉक्टर म्हणाले की आता जिने विसरा. कडकराव बायकोला घेऊन इस्पितळात गेले. वाटेत त्यांनी वाक्य पाठ केलं होतं, ते त्यांनी खाटेजवळ उभं राहून म्हटलं.

“अक्का, तू आता आमच्याकडेच राहायचं.”

“तुझ्याकडे?” अक्का म्हणाली. हा एक शब्द ती अशा सुरात म्हणाली की समोरच्याने आपले कान धुतलेत का ते तपासावं.

“मागची खोली रिकामी करते वन्सं,” कडकरावांची बायको म्हणाली. “खिडकी आहे, ऊन येतं.”

अक्काने नजर छताकडे वळवली. मग म्हणाली, “मी वृद्धाश्रमात जागा बघायला सांगितली आहे. तिथे पगारी माणसं असतात. त्यांच्यासमोर माणसाला ओशाळं वाटत नाही.”

कडकरावांचा चेहरा पडला. ज्या बहिणीने आपल्याला वाढवलं, ती म्हातारपणी परक्यांच्या हातचं खाणार आणि आपण पुढे लोकांच्या चादरी इस्त्री करत बसणार, हे त्यांना सहन होईना. पण मेट्रनपुढे रडायची सोय नव्हती, म्हणून ते खाटेच्या चादरीची सुरकुती नीट करू लागले.

“हात काढ तिथून,” अक्का म्हणाली. “असं कर. माझ्या घरी दोन गिनी पिग आहेत. शेजारीण त्यांना नुसतं खायला घालते. त्या दोघींना तुझ्याकडे ने. मला इथून सोडेपर्यंत त्यांचं अंथरूण नीट ठेवून दाखव. रोज, न कंटाळता, कोरडं आणि स्वच्छ. ते जमलं, तर मग मला ठेवायचं बघू.”

“एवढंच ना?” कडकराव म्हणाले.

“एवढंच,” अक्का म्हणाली. “आता ऐक. खाली टॉवेलांचा थर, त्यावर फ्लीसचं कापड. मुतलेलं वरच्या कापडातून खाली टॉवेलात उतरलं पाहिजे, म्हणजे वरचं कोरडं राहतं. लेंड्या रोज झाडायच्या. धुवायच्या आधी कापड बाहेर नेऊन झटकायचं, केस असतात. साबण साधा आणि थोडा. वासाचं काही घालायचं नाही, सॉफ्टनर नाही, खळ नाही. आणि वरचेवर हात लावून बघायचं. ओलं डोळ्यांना दिसत नाही, तळहाताला कळतं.”

कडकराव मान डोलावत होते, पण ऐकत नव्हते. माशाला कुणी पोहायचे धडे दिले तर मासा ऐकेल तेवढंच ते ऐकत होते. बाहेर पडल्यावर बायकोला म्हणाले, “मला कापड धुवायला शिकवतेय. मला.” आणि घर येईपर्यंत त्यांनी हे तीन वेगवेगळ्या स्वरांत म्हणून पाहिलं.

गिनी पिग दुसऱ्याच दिवशी आले. दुकानाच्या दारातून दिसेल अशा पुढच्या खोलीत, भिंतीलगत पिंजरा मांडला: पलंगाच्या निम्म्या लांबीचा, बाजूंनी जाळी, वरून उघडा. अक्काने त्यांची नावं आपल्या पेशाला शोभतील अशी ठेवली होती. एक पांढरी, डोक्यावर तपकिरी टोपी घातल्यासारखी, सारखी इकडून तिकडे लगबग करणारी, ती सिस्टर. दुसरी काळी-तपकिरी, घागरीसारखी गोल, दिवसभर पसरलेली आणि फ्रिज उघडल्याचा आवाज आला की किंचाळून घर डोक्यावर घेणारी, ती पेशंट. कडकरावांनी दोघींकडे पाहिलं, दोघींनी कडकरावांकडे पाहिलं, आणि कुणाचंच कुणाबद्दल फार चांगलं मत झालं नाही.

मग त्यांनी ते फ्लीस हातात घेतलं. स्वेटशर्टच्या आत असतं तसलं लवदार कापड, मधे गवताच्या काड्या अडकलेल्या, चार धुण्यांनी विटलेलं, चुरगळलेलं. “अक्का एवढी मोठी मेट्रन,” ते म्हणाले, “आणि हे असलं बोळ्यासारखं कापड.” त्यांना बहिणीची कीव आली. आपल्या हातून तिला कधी काही मिळालं नाही, आता निदान हे तरी असं करून दाखवू की ती बघतच राहील, असं त्यांनी मनाशी धरलं. ही प्रेमाची भावना होती. सगळं बिघडलं ते या प्रेमामुळेच.

त्यांनी कापड भरपूर साबणात धुतलं. मग सॉफ्टनरचं एक झाकण घातलं, आणि बहिणीचं काम म्हणून आणखी एक. वर हलकी खळ दिली. मग ओला रुमाल मध्ये धरून, श्वास रोखून, त्यावर इस्त्री फिरवली. फ्लीसला इस्त्री करणारा मनुष्य त्याआधी पृथ्वीवर झाला नसावा. कापड पिंजऱ्यात अंथरलं तेव्हा घडीची रेघ बरोब्बर मध्यातून जात होती आणि खोलीभर गुलाबाचा घमघमाट सुटला होता.

“बघ,” ते बायकोला म्हणाले.

सिस्टर त्या रेघेपर्यंत आली, थांबली आणि लागोपाठ शिंकली. पेशंट मध्यभागी गेली, जागा पसंत केली आणि मुतली. मुतलेलं खाली उतरलं नाही. ते त्या गुलाबी सुवासात, इस्त्रीच्या रेघेच्या अलीकडे, छोट्या तळ्यासारखं जागच्या जागी उभं राहिलं. पेशंट त्यात बसली.

“नवीन जागा आहे, बावरलीय,” कडकराव म्हणाले.

संध्याकाळी अक्काचा फोन आला. तो मग रोजच येऊ लागला, आणि ती प्रश्न असे विचारायची की कडकराव उभे राहून उत्तरं देत.

“अंथरूण कोरडं आहे?”

“ठणठणीत,” कडकराव म्हणाले. त्यांचा एक मोजा त्या वेळी ओला होता, कारण ते पिंजऱ्याजवळ उभे होते.

“हात लावून बघतोस? का चिमटीत धरतोस, नाक दाबून?”

“अक्का, मी लाँड्रीवाला आहे. लोकांचे मोजे धुतो.”

“मोजे वेगळे. हे रोजचं आहे. रोजच्याचा माणसाला वीट येतो. तुझी बायको कुरकुरते का?”

“नाही.”

“खरं सांग. वास येतो म्हणते का?”

“अगं, गुलाबाचा येतो,” कडकराव बोलून गेले आणि जीभ चावली. मागून सिस्टर शिंकली.

पुढचे दिवस वाईट गेले. तळं रोज साठायचं. त्याच्यावर कडकरावांनी आपल्या शास्त्रातला उपाय केला, म्हणजे सॉफ्टनर वाढवलं. मग गुलाबाच्या मागून दुसराच वास यायला लागला, तेव्हा आणखी वाढवलं. त्यांना वाटलं जनावरंच जास्त मुततात, म्हणून त्यांनी काकडी बंद केली. त्यावर पेशंटने असा आरडाओरडा केला की दुकानातल्या गिऱ्हाइकाने यंत्र बिघडल्याचं कळवलं. त्यांनी कापडाला दोष दिला, पिंजऱ्याला दिला, हवेला दिला. द्यायचा राहिला होता तो एकालाच. शेवटी पेशंट खायच्या भांड्यात जाऊन बसली, कारण अख्ख्या पिंजऱ्यात तेवढीच एक जागा कोरडी होती. ती तिथून उठेना, आणि तिला उचललं तेव्हा तिच्या मागच्या पायाचा तळवा लाल झालेला दिसला.

टॉवेलात गुंडाळून कडकराव तिला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरने मलम दिलं आणि फार काही बोलला नाही. “ओल्यात बसून बसून होतं असं,” तो म्हणाला. “कोरडं ठेवा.” हे वाक्य कडकराव स्वतः गेली कित्येक वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आले होते. त्या संध्याकाळी अक्काचा फोन आला तेव्हा त्यांनी बायकोला घ्यायला लावला आणि स्वतः अंगणात जाऊन उभे राहिले. इस्पितळातून अक्काला सोडायचे दिवस जवळ आले होते. आता ती येईल, तो पाय बघेल, एक शब्दही बोलणार नाही आणि सरळ वृद्धाश्रमात निघून जाईल, हे त्यांना डोळ्यांपुढे स्वच्छ दिसत होतं.

उलगडा झाला तो एका सांडलेल्या बाटलीमुळे. पिंजऱ्याला पाण्याची बाटली लावताना कडकरावांच्या हातून ती निसटली आणि फरशीवर पाणीच पाणी झालं. त्यांनी घाईघाईने न्हाणीघरातला टॉवेल आणला, त्यांच्याच हातचा, फुगीर, मऊ, सुवासिक, आणि पुसू लागले. पाणी टॉवेलाच्या पुढे पळू लागलं. ते डावीकडून पुसत, पाणी उजवीकडे जाई. उजवीकडून पुसत, ते भिंतीशी जाऊन थांबे. असं बराच वेळ चाललं. बायको दारात उभी राहून बघत होती. मग ती आत गेली, डब्यांच्या मागे हात घालून एक करडा, खरखरीत, चपटा टॉवेल काढला, आणून फरशीवर टाकला, पायाने एकदा फिरवला. फरशी कोरडी झाली.

कडकराव तसेच गुडघ्यांवर बसून त्या टॉवेलकडे बघत राहिले.

“हा कुठला?”

“माझा,” बायको म्हणाली.

“दुकानात तर कधी बघितला नाही.”

“दुकानात देतच नाही. मीच धुते. साध्या साबणाने.”

“कधीपासून?”

“लग्न झाल्यापासून. म्हणजे हाच नव्हे, याच्या आधी दोन-तीन झाले.” ती त्यांच्या शेजारी फरशीवर बसली. “अहो, तुमच्या टॉवेलाने अंग पुसलं की पाणी अंगभर नीट पसरतं. तुम्ही एवढ्या हौसेने देता, म्हणून रोज खांद्यावर टाकून नेते. आत गेलं की दुसरा वापरते.”

“मग सांगितलं का नाहीस मला?”

“तुम्ही विचारलंत कधी, टॉवेल पुसतो का म्हणून? तुम्ही विचारता, वास कसा आहे. वास चांगलाच आहे.”

कडकरावांनी बोटाने पाण्याचा एक थेंब उचलला आणि पिंजऱ्यातल्या फ्लीसवर सोडला. थेंब मोत्यासारखा गोल उभा राहिला आणि घरंगळून कडेला गेला. दुसरा थेंब त्यांनी बायकोच्या टॉवेलवर सोडला. तो कुठे गेला ते दिसलंसुद्धा नाही. सॉफ्टनरचं मेण कापडाच्या धाग्याधाग्यावर बसलं होतं. ओल्यात बसून पेशंटचा पाय लाल झाला होता तो काकडीने नव्हे आणि हवेने नव्हे, कडकरावांच्या कसबाने. अक्काने खाटेवर पडल्या पडल्या हेच सांगितलं होतं, आणि त्यांना ते ऐकूही आलं होतं.

“तुझं अंग इतकी वर्षं ओलंच राहिलं तर,” ते म्हणाले.

“राहिलं कुठे? टॉवेल लपवला होता ना,” बायको म्हणाली आणि त्यांना हात देऊन उठवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी थोरल्या यंत्रात फ्लीस कढत पाण्यात घातलं. साबण नाही, काही नाही. मग व्हिनेगर घातलं आणि पुन्हा कढत पाणी. दुकानात गुलाबाच्या जागी आंबूस वास भरला, आणि गिऱ्हाइकं दारातच थबकू लागली. प्रत्येक धुण्यानंतर कडकराव वाळलेल्या कापडावर एक थेंब सोडत, वाकून बघत आणि मान हलवून कापड परत आत टाकत. इतक्या वर्षांत कुठल्याही मंत्र्यासंत्र्याच्या कपड्यासाठी त्यांनी एवढी मेहनत घेतली नव्हती.

या गडबडीत त्यांच्याकडून अक्काची आणखी एक सूचना मोडली गेली. पिंजऱ्यातलं दुसरं कापड धुवायला घेताना ते बाहेर नेऊन झटकायचं सोडून त्यांनी दुकानातच झटकलं, आणि तेही गल्लीतल्या वकीलबाईंचा काळा कोट जिथे टांगला होता तिथे. कोट बाईंनी सकाळी घाईत नेला आणि संध्याकाळी हातावर टाकून परत आणला. त्यावर पांढरे, तपकिरी आणि काळे, पण मुख्यतः पांढरे केस होते.

“काका,” वकीलबाई थंडपणे म्हणाल्या, “न्यायाधीशांनी मला विचारलं, तुमचं अशील माणूस आहे का?”

कडकरावांनी जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाइकाची माफी मागितली. रबरी हातमोजा ओला करून कोटावरून एकाच दिशेने फिरवत बसले, आणि केसांची गोळी होऊन निघाली. वकीलबाईंचा राग पिंजरा बघितल्यावर निम्मा झाला आणि पेशंटने त्यांच्या हातून गाजर खाल्ल्यावर उरलेलाही गेला. त्या दिवसापासून कापड अंगणाच्या टोकाला नेऊन झटकलं जाऊ लागलं, आणि यंत्रात टाकण्याआधी जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून त्याचं तोंड बांधलं जाऊ लागलं, म्हणजे केस अभ्र्यातच राहत.

शेवटी एका धुण्यानंतर त्यांनी वाळलेलं कापड टॉवेलावर पसरून थेंब सोडला तेव्हा तो क्षणभर उभा राहिला, जरा विचारात पडल्यासारखा, आणि मग कापडात शिरला. कडकरावांनी खालच्या टॉवेलला हात लावला. टॉवेल ओला होता, फ्लीस कोरडं. त्यांनी बायकोला हाक मारली, दोघांनी मिळून तो ओला टॉवेल चाचपून बघितला, आणि कडकराव हसले. कापड मात्र पोतेऱ्यासारखं दिसत होतं. त्यावर इतक्या सुरकुत्या होत्या की त्यांचा हात आपोआप इस्त्रीकडे गेला.

“अहो,” बायको म्हणाली, आणि त्यांनी हात मागे घेतला.

त्यानंतर रोज सकाळी दुकान उघडण्याआधी कडकराव बुटक्या स्टुलावर बसून हातझाडूने लेंड्या सुपलीत गोळा करत. गवत खायच्या कोपऱ्यात दोघी सगळ्यात जास्त ओलं करतात हे त्यांच्या लक्षात आलं, म्हणून तिथे त्यांनी वेगळा छोटा तुकडा टाकला, रोज बदलायला. दिवसातून कितीदा तरी तळहात टेकवून बघत. काकडी परत सुरू झाली. पेशंट भांड्यातून उतरली आणि तिचा पाय बरा झाला. सिस्टर शिंकायची थांबली. कडकराव लेंड्या झाडता झाडता त्या दोघींशी बोलायला लागले, आधी कामापुरतं आणि मग कामाशिवाय.

अक्का आली ती टॅक्सीतून, वॉकर धरून. बसायच्या आधी ती सरळ पिंजऱ्याकडे गेली. वाकता येईना, म्हणून बायकोने पिंजऱ्याशेजारी खुर्ची ठेवली. अक्काने बाही वर केली, तळहात कापडावर टेकवला आणि दाबला. मग दुसरीकडे, मग कोपऱ्यात. वॉर्डात खाटांवर फिरायचा तसा तिचा हात फिरत होता, आणि कडकराव भिंतीला पाठ लावून उभे होते. तिने पेशंटला उचललं आणि पाय उलटे करून पाहिले.

“इथे लाल होतं,” ती म्हणाली.

“होतं,” कडकराव म्हणाले. “चूक माझी. सॉफ्टनर घातलं होतं. खळसुद्धा. इस्त्रीसुद्धा केली.”

“फ्लीसला?”

“हलकी.”

“सॉफ्टनरचं कळलं होतं मला. फोनवर सिस्टर शिंकत होती.” अक्काने पेशंटला खाली ठेवलं. “मग थांबवलंस कसं? तू कुणाचं ऐकत नाहीस.”

कडकरावांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने तो करडा टॉवेल आणला आणि अक्काच्या हातात दिला. “वन्सं, अंग पुसायला हा घ्या. यांच्या जुन्या टॉवेलांच्या वाटेला जाऊ नका.” अक्काने टॉवेल चाचपला, आणि कडकरावांना तिच्या चेहऱ्यावर हसू दिसल्यासारखं वाटलं.

मागच्या खोलीत त्यांनी तिचा पलंग तयार ठेवला होता. पिंजऱ्यात जे करता आलं नव्हतं ते सगळं तिथे केलं होतं: पांढरी शुभ्र चादर, खळ दिलेली, चारही कोपरे तलवारीसारखे. बायको चहा टाकायला गेली. अक्का कडेला टेकली आणि चादर कुरकुरली. तिने दार लोटून घ्यायला सांगितलं.

“ही चादर नको,” ती म्हणाली. मग चादरीची कड बोटांनी चाचपत राहिली. अक्काला शब्द शोधावे लागताहेत हे कडकराव पहिल्यांदाच बघत होते. “धाकट्या, पडल्यापासून मला कळत नाही रे. झोपेत. सकाळी ओलं असतं. रोज नाही, पण असतं. जन्मभर लोकांची अंथरुणं बदलली, आणि आता इस्पितळात पोरी माझं बदलायला आल्या की मी डोळे मिटून घ्यायची. त्या दोघींचं तू करतोस का, ते मला बघायचंच नव्हतं. तू नाक मुरडतोस का, ते बघायचं होतं.”

कडकराव तिच्यासमोर खाली बसले. रोज फोनवर ती काय विचारत होती ते आत्ता त्यांना उमगलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी पुसले नाहीत. त्यांच्या खिशातल्या रुमालाला सॉफ्टनर होतं, त्याने पुसून काही झालंही नसतं.

मग ते उठले. ती ताठ चादर त्यांनी काढली आणि कोपऱ्यात टाकली. जुने, खरखरीत झालेले टॉवेल आणून थर लावला, त्यावर फ्लीसचा भलामोठा तुकडा पसरला, पिंजऱ्यासाठी कापायला म्हणून घेतलेला आणि कितीतरी वेळा धुऊन मऊसूत लोळागोळा झालेला. तळहात टेकवून पाहिला.

“वर फ्लीस, खाली टॉवेल,” ते म्हणाले. “खळ नाही, वासाचं नाही. सकाळी मी लवकर उठतोच.”

“तुझ्या बायकोला कळेल.”

“तिला टॉवेल लपवता येतो. ती कुणाला सांगायची नाही.”

“आणि तू?”

“तू सांगितलंस का कधी?” कडकराव म्हणाले.

अक्का हळूच आडवी झाली. अंथरूण कुरकुरलं नाही.

पुढे एकदा वकीलबाई कोट न्यायला आल्या. मधली दारं उघडी होती आणि त्यांच्यातून थेट अंगणातली दोरी दिसत होती. तिच्यावर पिंजऱ्याचे छोटे तुकडे ओळीने वाळत होते आणि टोकाला एक अख्ख्या पलंगाएवढं फ्लीस, चुरगळलेलं, वाऱ्यावर हलत होतं. मागच्या खोलीत अक्का वर्तमानपत्र वाचत बसली होती.

“काका, एवढं मोठं कापड कुणाला लागतं हो?” वकीलबाईंनी विचारलं.

मागे वर्तमानपत्राची सळसळ थांबली. कडकरावांनी एका कॉलरवरून इस्त्री शेवटपर्यंत नेली, कॉलर उलटली आणि मग मान वर केली.

“पेशंटला,” ते म्हणाले. “हल्ली फार पसरून झोपते.”

वकीलबाईंनी पिंजऱ्याकडे पाहिलं. पेशंट काकडी खात होती आणि तिने काही हरकत घेतली नाही. आतल्या खोलीत वर्तमानपत्राचं पान उलटलं.